वाल्याच्या घरचे अन्न

वाल्या कोळ्याची कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. वाटमारी करणाऱ्या वाल्याला नारद विचारतात, ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील काय? वाल्या घरी जाऊन विचारतो आणि घरची सारी माणसे नकार देतात. आम्हाला पोसणे हे तुझे कर्तव्य. ते तू कसे पार पाडतोस हे तुझे तू पाहा, असे त्यांचे म्हणणे. पुढे कथा वाल्याबरोबर तपाला निघून जाते आणि घर मागेच राहते. त्या घराने दिलेले उत्तर योग्य होते काय, हे सहसा कोणी विचारत नाही. रायपुरात राहताना मला मात्र हा प्रश्न वारंवार पडला आहे.

रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. तेथील भट्ट्यांत लोहखनिज आणि दगडी कोळसा एकत्र तापवून स्पंज आयर्न तयार करतात. पुढे ते वितळवून त्याच्या सळ्या होतात. शेजारच्या बलौदा बाजार जिल्ह्यात चुनखडीपासून सिमेंट बनते. शहरात एखाद्या शिक्षणसंस्थेचे वसतिगृह उभे राहू लागले, की सळ्या आणि सिमेंट दूरवरून आणावे लागत नाही. इमारत पांढरीशुभ्र उभी राहते. सकाळी तिच्या गच्चीवर काळी भुकटी बसलेली आढळते, आणि ती कोठून आली हे सांगायला पंडिताची गरज पडत नाही.

त्या भुकटीचा बंदोबस्त धूळ पकडणाऱ्या यंत्रांनी होऊ शकतो. कर्बवायूची गोष्ट निराळी आहे. या भट्ट्यांत कोळसा जळण म्हणून तर असतोच, शिवाय खनिजातील प्राणवायू ओढून घेण्याचे कामही त्याच्यातील कार्बनच करतो. सिमेंटच्या बाबतीत निम्म्याहून अधिक कर्बवायू खुद्द चुनखडीतून सुटतो. निष्काळजीपणा सर्वस्वी टाळला तरी तो निघणारच, कारण वस्तू घडण्याच्या क्रियेचाच तो भाग आहे. ज्याला वस्तू हवी, त्याला या वायूशी आपला संबंध नाही असे म्हणणे त्यामुळे कठीण होते.

या संबंधाला जमाखर्चाचे रूप आता मिळाले आहे. संस्थेने विकत घेतलेल्या मालामागचे उत्सर्जन तिच्या हिशेबात कसे धरावे, याचे आंतरराष्ट्रीय मानक २०११ साली प्रसिद्ध झाले. विद्यापीठे असा हिशेब मांडतात तेव्हा दिवे आणि गाड्या यांच्यापेक्षा खरेदीचा आणि बांधकामाचा वाटा बहुधा मोठा ठरतो. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे म्हणूनच पुरवठादारांकडे ही माहिती मागू लागली आहेत आणि उत्सर्जन घटवण्याचे मार्ग त्यांच्यासह शोधू लागली आहेत.

यावर एक आक्षेप घेतला जातो. तोच टन कारखान्याच्या वहीत आणि तोच विद्यापीठाच्याही वहीत, हा दुहेरी हिशेब झाला. जमाखर्चाच्या दृष्टीने हा आक्षेप खरा आहे. नीतीच्या दृष्टीने तो टिकत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसभक्षणाचा विचार करताना पशूला मारणाऱ्याबरोबर अनुमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांनाच घातक म्हटले आहे. १९२७ साली महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्याला मी प्रमाण मानत नाही. परंतु वाल्याच्या घराने दिलेल्या उत्तराचे इतके नेमके खंडन आपल्या परंपरेतच सापडावे, हे लक्षणीय आहे. पैसे वाटले की प्रत्येकाचा हिस्सा घटतो. दोषाचे तसे होत नाही. आठ जण दोषी असले म्हणून प्रत्येक जण एक अष्टमांश दोषी ठरत नाही.

मी स्वतः या घरात जेवलो आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर मी होतो. समोरच्या तुलनात्मक तक्त्यात दर, कर, वाहतूक आणि मुदत असे रकाने होते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी, या ठरावावर मी सही केली. लोखंड कोणत्या भट्टीतून येणार, हे विचारण्याचे मनातही आले नाही. त्याच संध्याकाळी मी निसर्गकवितेवरील व्याख्यानाची टिपणे काढली. या दोन कृत्यांत काही विसंगती आहे, हे कळायला मला बराच काळ लागला.

रायपुरात तर ही साखळी वर्तुळासारखी आहे. येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था मुळात १९५६ साली खाणकाम आणि धातुशास्त्र यांचे शासकीय महाविद्यालय म्हणून सुरू झाली. भट्टीची विद्या शिकवणारी आणि भट्टीचे लोखंड विकत घेणारी शिक्षणसंस्था एकाच शहरात नांदते. शिक्षणसंस्थेला निव्वळ गिऱ्हाईक म्हणून हात झटकता येत नाहीत, ते यामुळे. साध्या गिऱ्हाइकाला दुकान बदलता येते. जिने विद्या दिली, तिला त्या विद्येच्या परिणामांपासून दूर जाता येत नाही.

म्हणूनच केवळ प्रमाणपत्राची अट घालणे मला अपुरे वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. तयार पोलादाच्या टनामागे उत्सर्जन २.२ टनांहून कमी असेल, तर ते पोलाद तीत बसते. मोठा कारखानदार असा कागद मिळवील. कोळशावर चालणारी लहान भट्टी मागे पडेल आणि तिच्यावरचा मजूर आधी घरी बसेल. खरेदीदाराचे मन निर्मळ होईल, धूर मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी निघत राहील. त्यापेक्षा निविदेच्या तक्त्यात उत्सर्जनाचा एक रकाना वाढवावा. तो भरण्यासाठी आवश्यक ते मोजमाप विद्यापीठातील अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी भट्टीवर जाऊन करून द्यावे. सुधारणेला अवधी मिळेल असा दीर्घ मुदतीचा करार करावा. आणि दर थोडा वाढला तर तो सोसावा. भिलाईची धातुमळी आणि कोरब्याच्या वीजकेंद्रांतील राख मिसळलेले सिमेंट जेथे चालते, तेथे तेच मागावे.

हे केल्याने धूर थांबणार नाही. पण वाल्याच्या बायकोने ‘हो, मीही वाटेकरी आहे’ असे म्हटले असते, तर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवायची, हा प्रश्न दोघांचा झाला असता. वाल्याला तपासाठी एकट्याने रानात जावे लागले, कारण घरात त्याच्याबरोबर बसून तो विचार करायला कोणी तयार नव्हते.