समाचार

२०२४ सालच्या मे महिन्यात टपालाने एक लहानशी पुस्तिका आमच्या हाती आली. १९९४ साली आम्ही ज्या वर्गातून बी. ए. झालो, त्या वर्गातील विद्यार्थ्यांची ती माहितीपुस्तिका होती. पदवीला तीस वर्षे पूर्ण झाल्याचे निमित्त साधून दोन-तीन उत्साही वर्गबंधूंनी ती सिद्ध केली होती. नाव, हुद्दा, राहण्याचे ठिकाण, मुलेबाळे आणि दूरध्वनी क्रमांक असे तिचे रकाने होते. शेवटच्या पानावर काळ्या चौकटीत 'दिवंगत' या मथळ्याखाली पाच नावे होती.

आम्ही त्या काळी सेमिनरीत राहून शहरातील एका महाविद्यालयात शिकत होतो. पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर 'मराठवाडा विद्यापीठ' असे नाव होते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि आमच्या पदवीपत्रावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले. पुढे २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, माणसे पांगली. आणि तीस वर्षांनी ती सर्व माणसे त्या पुस्तिकेत पुन्हा एकदा हजेरीच्या क्रमाने उभी राहिली.

वाचकहो, ती पुस्तिका आम्ही कशी वाचली, हे सांगताना संकोच वाटतो. आमची नजर प्रथम गेली ती 'हुद्दा' या रकान्याकडे. कोणी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत व्यवस्थापक, कोणी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकील, कोणी मस्कतला, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. वर्गात जो नेहमी पहिला येई, तो एका पतसंस्थेत साधा कारकून असल्याचे वाचून आम्हाला क्षणभर बरे वाटले. धर्मगुरूच्या अंगरख्याखालीही असे मन नांदते! मागच्याच रविवारी आम्ही मत्सर या विषयावर प्रवचन केले होते.

जुन्या सोबत्यांची वार्ता ऐकण्याची आपल्याला एवढी ओढ का असते? त्यांच्यावरील प्रेमामुळे, असे आपण म्हणतो. बारकाईने पाहिले तर त्या प्रेमात एक मोजपट्टी लपलेली असते. भाऊ आपल्यापेक्षा वडील असतो किंवा धाकटा, शेजाऱ्याची सुरुवात वेगळी असते. वर्गबंधू मात्र एकाच दिवशी, एकाच रेषेवरून आपल्यासोबत निघालेला असतो. म्हणून तो कुठवर पोचला हे विचारताना आपण कुठवर पोचलो हे आपण चाचपून पाहत असतो.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगासाठीची, सुखासाठीची आणि सद्गुणांवर आधारलेली. वर्गबंधुत्व या तिन्हींत नीटसे बसत नाही, कारण ते आपण निवडलेलेच नसते. कार्यालयातील लिपिकाने हजेरीपटावर एकाखाली एक नावे लिहिली, म्हणून आपण एका बाकावर आलो. प्रभू येशूच्या दृष्टांतातील शोमरोनी माणसालाही वाटेवर पडलेला जखमी माणूस निवडता आला नव्हता. तो वाटेत भेटला, एवढाच त्यांचा संबंध. न निवडलेल्या माणसाचे आपण काय देणे लागतो, हाच तर खरा नैतिक प्रश्न आहे. निवडलेल्या मित्रावर प्रेम करणे त्यामानाने सोपे असते.

आता त्या पाच नावांकडे वळतो. त्यांतील एक नाव आमच्याच बाकावरील सोबत्याचे होते. तो तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील, उमरगा भागातला. घरी थोडी कोरडवाहू जमीन; शिकणारा घरातील पहिलाच. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये गणपती विसर्जनासाठी तो गावी गेला. अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी त्या भागातील घरे. विसर्जनाहून परतून झोपलेल्या माणसांवर ती घरे कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसे दगावली.

आमच्या महाविद्यालयातही हळहळ झाली. आम्ही कपडे गोळा केले, धान्याची पोती भरली, वर्गणी काढली. सोबती परतला नाही. कोणी तरी म्हणाले, "त्याचं गाव पूर्ण गेलं." गाव गेले, म्हणजे तोही गेला, असे आम्ही सर्वांनी धरून चालले. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीपटावरील त्याच्या नावावर लाल शाईची रेघ आली. आमच्यापैकी एकानेही त्याच्या पत्त्यावर पत्र टाकले नाही. त्या काळी पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळत असे.

आम्ही मात्र त्याला विसरलो नव्हतो, असे आम्हाला वाटत असे. गुरुदीक्षा झाल्यापासून दर नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, आमच्या वहीतील नावांत त्याचेही नाव असे, आणि त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी आम्ही मिस्साबली अर्पण करीत असू. आमच्या एकूण याजकीय जीवनात जी थोडी कृत्ये निःस्वार्थ वाटत होती, त्यांत हे एक होते.

पुस्तिका निघून महिना झाला नसेल. बँकेच्या नोकरीनिमित्त काही काळ उमरग्यास राहिलेल्या एका वर्गबंधूचा दूरध्वनी आला. तो म्हणाला, "फादर, शेवटच्या पानावर चूक झाली आहे. तो जिवंत आहे. आमच्या शाखेत त्याचं खातं होतं."

पावसाळा संपताच आम्ही त्याला भेटायला गेलो. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेले सरळ रस्त्यांचे गाव; जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरे. त्यांतील एका लहान घराला लागून त्याची पिठाची गिरणी आहे. आम्हाला पाहून तो आधी उठून उभा राहिला. "या फादर, बसा," म्हणाला. चहा होईपर्यंत तो 'तुम्ही'च म्हणत होता. मग कपाळावरच्या जुन्या खुणेवरून त्याने आम्हाला नीट ओळखले आणि म्हणाला, "अरे, तू किती जाड झालास!"

त्या रात्री त्याचे आईवडील आणि धाकटी बहीण गेली. तो दीड दिवस ढिगाऱ्याखाली होता. पाय वाचला, पण अधू झाला. आम्ही धीर करून त्याला मिस्साची गोष्ट सांगितली. तो खळखळून हसला. "बरं केलंस. त्याच पुण्यावर इतकी वर्षं चाललो म्हणायचं." नंतर तो काही वेळ गप्प बसला. निघताना गिरणीच्या पट्ट्याकडे पाहत, तक्रारीचा सूर न लावता तो एवढेच म्हणाला, "मार्चपर्यंत बरा चालायला लागलो होतो. परीक्षेला बसावं असं मनात होतं. फॉर्म भरायची शेवटची तारीखच कळली नाही."

परतीच्या वाटेवर आम्हाला संत फ्रान्सिस झेवियर यांची आठवण झाली. पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर आणि झेवियर एका खोलीत राहत. १५२९ साली इग्नेशियस लोयोला त्यांच्यात आले. पुढे ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्याला उतरले आणि सोबत्यांत महासागर आला. पत्र पोचून उत्तर यायला वर्षे लागत. आलेल्या पत्रांवरील सोबत्यांच्या सह्या कापून झेवियर त्या गळ्यात जपून ठेवीत. इग्नेशियस यांनी २८ जून १५५३ रोजी रोमहून पत्र लिहून त्यांना युरोपात बोलावून घेतले. पण चीनच्या किनाऱ्याजवळील सान्शान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीच झेवियर यांचे निधन झालेले होते. रोमला ते ठाऊक नव्हते.

इग्नेशियस यांनी मृत सोबत्याला जिवंत समजून पत्र लिहिले. आम्ही जिवंत सोबत्याला मृत समजून प्रार्थना केली. चूक दोघांच्याही समजुतीत होती. परंतु त्यांची चूक अर्ध्या पृथ्वीच्या अंतरामुळे घडली आणि तिच्यात विचारणा होती. आमचे अंतर एका रात्रीच्या एस. टी. प्रवासाचे होते, आणि आम्ही विचारलेच नाही. विचारण्याच्या जागी आम्ही प्रार्थना ठेवली. प्रार्थना खोटी होती, असे आम्ही म्हणत नाही. देवाने ती त्याच्या मार्गाने स्वीकारली असेल. पण जिथे एक पोस्टकार्ड पुरले असते तिथे केलेली प्रार्थना स्वतःच्या मनाची सोय करून घेऊ शकते, हे आम्हाला पन्नाशी उलटल्यावर कळले.

यावर कोणी म्हणेल, "विशीतील मुलांकडून एवढी अपेक्षा कशाला? वर्गात साठ-सत्तर जण. कोणाकोणाची चौकशी करायची?" हा युक्तिवाद आम्हीही स्वतःशी करून पाहिला. त्यात तथ्य आहे. माणसाला सगळ्यांचे देणे फेडता येत नाही. परंतु आम्हाला साठ जणांची चौकशी करायची नव्हती. जो बाक रिकामा झाला, त्या एकाची करायची होती. ज्यांचे बरे चालले होते त्यांच्या वार्ता आपोआप येत राहिल्या: पेढ्यांसोबत, लग्नपत्रिकांसोबत, वर्तमानपत्रातील छायाचित्रांसोबत. यशाची बातमी स्वतःच्या पायांनी चालत येते. जो मागे पडला त्याची बातमी आणायला कोणाला तरी जावे लागते.

दुसरीही एक पळवाट आहे. "मागे पडलेलाही पुढे नाव काढू शकतो," असे म्हणून आपण निश्चिंत होतो. मराठवाड्याला याचे थोर उदाहरण माहीत आहे. नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते. त्या वेळी त्यांच्या वर्गबंधूंनी माहितीपुस्तिका काढली असती, तर 'हुद्दा' या रकान्यात काय लिहिले असते? तेच कुरुंदकर पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, मराठी विचारविश्वाचे भूषण ठरले, आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी याच आमच्या शहरात व्यासपीठावरच त्यांची प्राणज्योत मालवली. हे उदाहरण खरे आणि उमेद देणारे आहे. पण आमचा सोबती प्राचार्य झाला नाही. तो दळण दळतो. आणि त्याची विचारपूस व्हायला त्याने आणखी काही होण्याची गरज नव्हती.

आपल्या मराठीत 'समाचार' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. समाचार म्हणजे बातमी. पण आजाऱ्याच्या किंवा दुःखितांच्या घरी आपण जातो, तेव्हाही 'समाचाराला गेलो' असेच म्हणतो. ज्यांनी हा शब्द घडवला, त्यांच्या लेखी बातमी कळणे आणि भेटीला जाणे यांत फार अंतर नसावे. ते अंतर आम्ही वाढवले. त्याच शब्दाला तिसराही अर्थ आहे: एखाद्याचा चांगला समाचार घेणे, म्हणजे त्याची खरडपट्टी काढणे. गिरणीवाल्या सोबत्याने त्या दिवशी एकही कठोर शब्द न उच्चारता आमचा तसा समाचार घेतला.

प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक घरात अशी एखादी यादी असते: शाळेच्या वर्गाची, पहिल्या कम्युनियनच्या मुलांची, एकाच आळीत वाढलेल्या सवंगड्यांची. त्या यादीत एखाद्या नावापुढे आपण 'कळले नाही' एवढे लिहून पुढे गेलेलो असतो. 'कळले नाही' आणि 'विचारले नाही' यांतील फरक प्रत्येकाने आपल्या विवेकाला विचारून पाहावा. आम्ही तो तीस वर्षे विचारला नाही.

पुस्तिकेचे संपादक सुधारित पान छापणार आहेत. 'हुद्दा' म्हणून काय लिहू, असे त्यांनी सोबत्याला दूरध्वनीवर विचारले. तो म्हणाला, "ते रिकामं ठेवा, नंबर तेवढा नीट छापा." त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही वेदीपाशी वही उघडली आणि वर्गबंधूंची चार नावे वाचली. संध्याकाळी पाचव्याला दूरध्वनी केला. गिरणी चालू होती. त्याला आमचे बोलणे नीट ऐकू येत नव्हते. त्याने थांबायला सांगून गिरणी बंद केली.