कासवाचे पालकत्व

माणूस जेव्हा एखादे जनावर घरी आणतो, तेव्हा त्याच्या मृत्यूचा शोक एके दिवशी आपल्याला करावा लागणार, ही गोष्ट तो न बोलता गृहीत धरून चालतो. कुत्रा बारा-पंधरा वर्षांचा सोबती, मांजर त्याहून थोडे अधिक, बैल फार तर वीस-बावीस वर्षांचा, आणि ह्या सर्वांच्या अखेरची व्यवस्था पाहण्यास धनी मागे उरलेला असेल, ह्या भरवशावरच मनुष्य आणि पाळीव पशू यांचा पुरातन व्यवहार उभा आहे. मोठ्या जातीचे भूचर कासव हा व्यवहार उलटा करते. चाळिशीच्या गृहस्थाने हौसेने आणलेले पिल्लू, नीट जगले तर, त्या गृहस्थाच्या नातवाच्या लग्नातही अंगणात चरत असेल. असा प्राणी विकत घेणाऱ्याची मालकी ही मालकी नव्हेच, फार तर ती तात्पुरती विश्वस्ती. आणि विश्वस्ताच्या अंगी जे गुण लागतात ते हौशी मनुष्याच्या अंगी क्वचितच असतात, एवढेच मला ह्या लेखात सांगावयाचे आहे.

हा प्रश्न राजधानीच्या परिसरात उद्भवावा हे स्वाभाविक आहे. छत्तरपूरच्या फार्महाउसांपासून गुरुग्राम आणि नोएडाच्या मनोऱ्यांपर्यंत विदेशी प्राणी बाळगण्याचा शौक गेल्या काही वर्षांत वाढला, आणि त्यात ‘सल्काटा’ ह्या नावाने विकले जाणारे आफ्रिकेतील कासवही आले. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा जो कोरडा गवताळ पट्टा आहे, तो ह्याचा मूळ मुलूख. अंड्यातून निघालेले पिल्लू तळहातावर मावते, आणि ह्या तळहातावर मावण्यातच विक्रेत्याचे सारे भांडवल असते. कारण तेच पिल्लू यथावकाश पाऊण मीटर लांब होते, नर चाळीस-पन्नास किलोपर्यंत सहज भरतो, कित्येक त्याच्याही पुढे जातात, आणि मुख्य भूमीवरील भूचर कासवांमध्ये ह्याहून मोठी जात जगात नाही. ह्याच्यापेक्षा मोठी भूचर कासवे आहेत ती गालापागोस आणि अल्दाब्रा ह्या बेटांवरची.

मोठ्या कासवाचे आकर्षण ह्या देशाला नवे आहे असेही नाही. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये हिरव्या यशबाचे एक कासव आहे. एकाच अखंड खड्यातून कोरलेले, सुमारे एकेचाळीस किलो वजनाचे, आणि इतके हुबेहूब की प्राणिशास्त्रज्ञांना त्याची जात आणि ते मादी असल्याचेही सांगता आले. अलाहाबादेच्या एका हौदाच्या तळाशी ते १८०३ साली सापडले, आणि शाहजादा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, ह्याच्या दरबाराशी त्याचा संबंध जोडला जातो. मोगल शाहजाद्याला कासव हवेसे वाटले, तर त्याच्याजवळ ते दगडात उतरवून घेण्याची ऐपत होती. त्या दगडी कासवाला ना चारा लागत होता ना ऊन. आजच्या शौकिनाला मात्र तेवढ्याच वजनाचे जिवंत जनावर हवे असते, आणि देखभाल दगडाइतकीच करावी लागेल अशी त्याची समजूत करून दिलेली असते.

कायद्याची बाजू आधी निकालात काढू. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले आपल्याकडचे देशी कासव, ज्याला बाजारात ‘स्टार’ म्हणतात, ते बाळगणे हा सरळसरळ गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली जी दुरुस्ती झाली तिने त्याला पहिल्या अनुसूचीत बसवले, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या अपराधाला तीन ते सात वर्षांची कैद आहे. तरीही घरात कासव असले की लक्ष्मी नांदते ह्या समजुतीपायी त्याचा चोरटा व्यापार चालूच आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आंध्र आणि कर्नाटक यांच्या सीमाभागातील व्यापाराच्या एकाच केंद्रातून वर्षाला किमान पंचावन्न हजार स्टार कासवे पकडली जातात, असे आढळले होते. लक्ष्मीने ह्या प्राण्यावर आपला भार टाकल्याचे कोणत्याही पुराणात मला आढळले नाही. कासवावर उभी राहते ती यमुना, आणि वेरूळच्या कैलास लेण्यातील नदीदेवतांच्या मंदिरात ती तशी पाहता येते. दिल्लीतून वाहणाऱ्या त्याच यमुनेची वजिराबाद ते ओखला ह्या बावीस किलोमीटरांत काय दशा झाली आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी वाहनाच्या पूजेआधी देवतेची चौकशी केलेली बरी.

आफ्रिकन कासवाची गोष्ट निराळी. त्याच्यावर बंदी नाही, नोंदणीची सक्ती आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याचा कब्जा असणाऱ्याने त्याची नोंद ‘परिवेश’ ह्या सरकारी संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकाकडे करावयाची, आणि पुढे जन्म, मृत्यू किंवा हस्तांतर झाले तर तेही कळवावयाचे. नियम चांगला आहे. परंतु दप्तरी नोंद झाली म्हणजे प्राण्याची सोय झाली असे मानणारा एक मोठा वर्ग राजधानीत आहे, आणि अर्ज बिनचूक भरण्याचे समाधान त्याला पुढच्या सर्व कर्तव्यांतून मुक्त करते.

ती कर्तव्ये कोणती ते पाहिले की हौसेचा पुष्कळसा भाग गळून पडतो. हे कासव गवत खाऊन जगणारे आहे. हरळी, वाळलेला चारा, फड्या निवडुंगाची काटे काढलेली पाने, तुती-जास्वंदीचा पाला हे त्याचे अन्न, आणि त्यात तंतू भरपूर व प्रथिने बेताची असावी लागतात. आपल्या घरांत मात्र त्याला पोळी, भात, केळे, आणि माया फारच उतू गेली तर कुत्र्याचे बिस्किट मिळते. हाडांसाठी चुना लागतो. तो आयुर्वेदिक दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेणाचा तुकडा कुरतडायला ठेवूनही भागतो. पण पोटात गेलेला चुना हाडात उतरण्यास जीवनसत्त्व ड हवे, आणि ते बनण्यास थेट ऊन हवे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन ऊबदार असले तरी त्यातील आवश्यक ते अतिनील किरण काच गाळून टाकते, त्यामुळे पंधराव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात, उन्हाच्या झोतात बसूनही, ह्या प्राण्याची हाडे मऊ पडू शकतात. पाठीवरच्या प्रत्येक खवल्याचे पिरॅमिडसारखे उंचवटे होतात, त्यांना पुष्कळ लोक सौंदर्य समजतात. ती विकृती आहे. तिचे खापर बरीच वर्षे केवळ जादा प्रथिनांवर फोडले जाई, परंतु २००३ साली ह्याच जातीच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगात असे दिसून आले की अन्नातील प्रथिनांपेक्षा हवेचा कोरडेपणा त्याला अधिक कारण होतो. वाळवंटाच्या कडेचे कासव म्हणून त्याला रखरखीत ठेवावे, हा तर्क बिनतोड वाटतो, आणि चुकीचा आहे: आपल्या मुलखात ते दिवसाचा बराच भाग जमिनीखाली कित्येक मीटर खोदलेल्या बिळात काढते, आणि त्या बिळातली हवा दमट असते.

ह्या बिळाचा विचार करूनच दिल्लीच्या हवामानाकडे पाहिले पाहिजे. मे-जूनमधला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा ह्या प्राण्याला मारत नाही, खोल सावली आणि खणण्यास माती असेल तर. फरशीच्या अंगणात मात्र तोच उन्हाळा भट्टी ठरतो. खरे संकट जानेवारीचे. पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरलेला, आठ-आठ दिवस सूर्य धुक्याआड, आणि हवेत ओल. ही ओली थंडी आफ्रिकन कासवाच्या फुप्फुसाला सोसत नाही. काही कासवे हिवाळाभर निद्रिस्त राहतात हे आपण शाळेत वाचलेले असते, त्यावर विसंबून गारठलेल्या सल्काटालाही ‘झोपले असेल’ म्हणून सोडून दिले जाते. ह्या जातीला शीतनिद्रा नाही, ते झोपलेले नसते, आजारी असते. दिल्लीत हिवाळ्यात कुत्र्यांना स्वेटर घालण्याची रीत आहे, तीच माया कासवाच्या वाट्याला घोंगडीच्या रूपाने येते. परंतु घोंगडी ऊब निर्माण करत नाही, असलेली ऊब धरून ठेवते. ज्या प्राण्याच्या शरीरात स्वतःची ऊबच नाही त्याच्यावर ती घालणे हे रिकाम्या तिजोरीला कुलूप लावण्यासारखे आहे. त्याला लागते ती उष्णता देणारी, रात्रीही पंधरा अंशांच्या वर राहणारी खोली, आणि वीज गेली तर तिची पर्यायी तजवीज. चाळीस किलोच्या जनावराला अशी खोली म्हणजे जवळजवळ एका माणसाची जागा. शिवाय ते दार ढकलते, कुंपण उखडते, शेजाऱ्याच्या भिंतीचा पाया पोखरते. त्याला जखडून ठेवण्यासाठी कवचाच्या कडेला भोक पाडून साखळी अडकवण्याचा जो प्रघात काही ठिकाणी आहे, त्याविषयी एवढेच सांगतो की कवच हे कासवाचे घर नसून त्याच्या बरगड्या आणि कणा आहे, आणि त्याला तेथे वेदना होतात.

एवढे सारे करण्यास जो तयार आहे त्याच्याविषयी मला आदरच आहे. माझा आक्षेप त्याच्या काळाच्या हिशेबावर आहे. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात ‘अद्वैत’ नावाचे अल्दाब्रा जातीचे अडीचशे किलोचे कासव मार्च २००६ मध्ये वारले. ते मूळचे रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतले आणि अडीचशेहून अधिक वर्षांचे, ही आख्यायिका. तिला बळकटी देणारे कागदपत्र नाहीत आणि मी तिचा आग्रह धरणार नाही. परंतु १८७५ च्या सुमारास ते त्या संग्रहालयात आले, म्हणजे आख्यायिका वजा केली तरी एकशे तीस वर्षांचा वास उरतो. व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले तेव्हा ते तेथे होते. १९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली तेव्हा होते. फाळणीत होते, आणि लोकसभेच्या चौदा निवडणुकाही त्याने पाहिल्या. ह्या अवधीत त्याला गव्हाचा कोंडा, गाजरे, भिजवलेले हरभरे आणि गवत रोज मिळत गेले, कारण देणारा मनुष्य बदलला तरी देणारी जागा बदलली नाही. संस्थेला हे जमते. घराला जमेल काय? आणि तेही दिल्लीतल्या, जेथे अर्धे शहर बदलीच्या हुकुमावर आलेले आणि दुसऱ्या हुकुमावर जाणारे, बाकीचे अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारे, आणि ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांची मुले परदेशी गेलेली?

आमच्या संतांनी कासवीचा जो दृष्टान्त पुन्हा पुन्हा योजला आहे तो येथे आठवतो. कासवी आपल्या पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही; ती दूरवरून त्यांच्याकडे पाहते आणि त्या दृष्टीनेच पिले पोसली जातात, अशी ती कल्पना. प्राणिशास्त्र म्हणून ती टिकत नाही, कारण बहुतेक सर्व जातींच्या माद्या अंडी पुरून निघून जातात आणि मागे वळूनही पाहत नाहीत. परंतु पोसणाऱ्याला उद्देशून ती वाचली तर तिच्यात विलक्षण व्यवहारज्ञान आहे. कासव कण्हत नाही, भुंकत नाही, शेपूट आत घेत नाही. त्याचे दुखणे महिनोन्‌महिने साचते आणि दिसू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. नाकातून पाणी येते काय, डोळे सुजले काय, चालताना पोट जमिनीपासून उचलले जाते की घासते, दर महिन्याचे वजन चढते की उतरते, हे पाहणे हाच त्याच्या संगोपनाचा निम्माअधिक भाग आहे. उचलून घेणे, कुरवाळणे, पाहुण्यांपुढे उताणे करून दाखवणे, ह्यांतून त्याला भयाखेरीज काही मिळत नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ह्या संस्थेने आणि गावकऱ्यांनी २००२ पासून सागरी कासवांची घरटी राखली, पिले समुद्राकडे चालू लागली की लोक बाजूला उभे राहून ती पाहतात. एकही पिल्लू कोणाच्या मालकीचे होत नाही, आणि गावाला त्याचा अभिमान मात्र आहे. कासवावरची प्रीती मालकीवाचूनही भागते, ह्याला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

तेव्हा ज्याने अद्याप आणलेले नाही त्याने आणू नये, हे माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्या अंगणात ते आधीच आहे, त्याने ते झेपेनासे झाले म्हणून यमुनेत किंवा एखाद्या तळ्यात सोडू नये. हे जमिनीवरचे जनावर आहे, ते बुडते, आणि मोकळ्या रानात सोडले तरी हा त्याचा मुलूख नव्हे. त्याची नोंद करावी, सरपटणाऱ्या प्राण्यांचे ज्ञान असलेला पशुवैद्य निकड येण्यापूर्वी शोधून ठेवावा, आणि आपले मृत्युपत्र काढून पाहावे. आपल्या कायद्यात कासव कोणाचा वारस होऊ शकत नाही, ते स्वतःच मालमत्तेबरोबर कोणाच्या तरी वाट्याला जाते. आणि ज्या वाटणीपत्रात गच्चीच्या हक्कापासून चांदीच्या ताटांपर्यंत सर्व गोष्टींचा उल्लेख असतो, तेथे ह्या जिवाचा नसतो. तो लिहावा, आणि ज्याचे नाव लिहाल तो मनुष्य तुमच्याहून निदान तीस वर्षांनी लहान असावा, आणि लिहिण्यापूर्वी त्याला विचारलेले असावे.