इंजिनिअर कोणाला म्हणावं?

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याला, म्हणजे तिथल्या जमिनीखालच्या पाणीयोजनेला, चारशे वर्षं उलटून गेली. 1615 च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानानच्या काळात, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालीच गाठून शहराकडे वळवलं गेलं. शंभराच्या आसपास कुंड्या खोदून त्या तळाशी भुयाराने जोडल्या आणि उतार असा राखला की मोट नाही, पंप नाही, पाणी आपलं आपण वाहत राहिलं. तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराचं नाव या कामाशी जोडलं जातं. त्याच्यापाशी आजच्या अर्थाने पदवी नव्हती, तरी त्याला इंजिनिअर म्हणायला कोणी कचरणार नाही. युनेस्कोच्या वारसास्थळांच्या संभाव्य यादीत 2024 साली त्याचं काम गेलं. पदवी हाच निकष धरला, तर हा माणूस इंजिनिअरांच्या पंक्तीतून उठवावा लागेल.

यावर आक्षेप रास्त आहे: टिकलं ते आपण पाहतो, ढासळलेलं कोणाला आठवत नाही. अंगच्या जाणकारीवर शहराचे पूल सोपवता येत नाहीत. ज्यांच्या जन्मदिवशी आपण अभियंता दिन पाळतो, ते विश्वेश्वरय्याही पुण्यात रीतसर शिकले होते. शिक्षण हवंच. पण म्हणून नावालाच कुलूप लावावं का? वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आहे. नोंदणीशिवाय ते बिरुद लावता येत नाही. इंजिनिअरांसाठी देशपातळीवर असा कायदा नाही, त्यामुळे धरणाचा आराखडा करणारा आणि संगणकाचा प्रोग्राम लिहिणारा दोघेही इंजिनिअरच. अमेरिकेत ओरेगन राज्याने हे नाव कायद्याने राखलं होतं. तिथे एका नागरिकाने पिवळ्या सिग्नलची वेळ चुकीची असल्याचं गणिताने दाखवलं आणि स्वतःला इंजिनिअर म्हटलं, तर त्याला 500 डॉलर दंड झाला. पुढे न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. नाव राखण्याच्या नादात खरं बोलणाऱ्याचंच तोंड बंद होत असेल, तर त्यातून लोकांचं रक्षण होत नाही.

राखायची ती सही. ज्या कागदावर इमारतीचं, पुलाचं, पाण्याच्या टाकीचं बळ ठरतं, त्यावर सही करणारा शिकलेला, परीक्षा दिलेला, नोंदणी झालेला असावा आणि बांधकाम पडलं तर त्याला नावानिशी जाब द्यावा लागावा. 2013 साली मुंब्र्याजवळ शिळफाट्याला सात मजली इमारत कोसळून 74 माणसं गेली. ती इमारत परवानगीशिवायच उभी राहिली होती. तिथे पाटीवर इंजिनिअर लिहिण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्नच गौण होता. प्रत्येक मजला चढताना तो थांबवायला बांधील असलेला माणूस हवा होता. बाकी पॉवरलूमची जुनी यंत्रं चालती ठेवणाऱ्या कारागिराला गल्ली आदराने इंजिनिअर म्हणत असेल, तर त्याने कोणाचंही छत धोक्यात येत नाही. घर बांधायला काढाल तेव्हा माणसाच्या पाटीवर समाधान मानू नका. आराखड्यावर सही कोणाची आणि ती करायचा अधिकार त्याला कोणी दिला, एवढं आधी विचारा.