छावणीतली शाळा आणि बदलीचं मूल

परदेशातल्या लष्करी शाळेचा शिक्षक म्हटलं की आपल्याला कवायत आणि करडी शिस्त आठवते. प्रत्यक्षात अमेरिकी तळांवरचा हा शिक्षक साधा मुलकी नोकर. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी आणि जपानमध्ये राहिलेल्या सैन्यापाठोपाठ कुटुंबं आली, आणि १९४६ मध्ये मुलांसाठी शाळा निघाल्या. पुढे कित्येक शिक्षकांची अख्खी नोकरी अशा शाळांत गेली. शिक्षक एका गावात मुरला, तिथल्या दोन पिढ्या त्याच्या हाताखालून गेल्या, की त्याचं काम भरलं असं आपण मानतो. या शिक्षकांचं काम त्या मापात बसत नाही आणि तरीही ते कमी प्रतीचं ठरत नाही, असं मला वाटतं.

सैनिकाची बदली दोन-तीन वर्षांनी ठरलेलीच. ऐन फेब्रुवारीत जपानमधल्या ओकिनावाहून जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नला आलेल्या मुलीची अपूर्णांकांची बेरीज झालेली असते, वजाबाकी राहिलेली. दोन्हीकडे अभ्यासक्रम एकच, म्हणून नव्या बाईंना धागा लगेच सापडतो. दर वर्षी वर्गातली काही मुलं अशी मध्येच येतात, मध्येच जातात. त्यामुळे पुढच्या वर्षावर काही ढकलून चालत नाही. याचं फळ आकड्यांत दिसतं. अमेरिकेच्या २०२२ च्या राष्ट्रीय मूल्यमापन चाचणीत देशाची सरासरी घसरली असताना संरक्षण खात्याच्या या शाळा (यात मायदेशातल्याही आल्या) चौथी आणि आठवीच्या वाचनात व गणितात सर्वांत वर होत्या. आठवीच्या वाचनात इथल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांनी देशातल्या गोऱ्या मुलांच्या सरासरीलाही मागे टाकलं.

यात शिक्षकाचं श्रेय काय, असं कुणी विचारेल. घरात एकाला तरी पक्की नोकरी, डोक्यावर छप्पर, दवाखाना फुकट; अशी मुलं शिकणारच. आक्षेप रास्त आहे, आणि अर्धं श्रेय तिथेच द्यायला हवं. पण साध्या शिपायाचा पगार काही श्रीमंताचा नव्हे, आणि सारख्या बदल्या व युद्धावर गेलेला बाप किंवा आई हे ओझं या मुलांवर इतरांपेक्षा जास्तच. सुरक्षिततेने मूल वर्गापर्यंत धड पोचतं. वजाबाकी मात्र कुणीतरी शिकवावीच लागते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ही शाळा दुसऱ्याच्या जमिनीवर, कुंपणाआड उभी असते. ओकिनावातल्या लोकांचा तळांना असलेला विरोध जुना आहे, आणि शिक्षक त्या व्यवस्थेचाच पगारी माणूस. स्थानिक शिक्षक नेमून यजमान देशाची भाषा-संस्कृती शिकवण्याची सोय या शाळांनी केली. तेवढ्याने कुंपण पडत नाही. मुलं चांगली शिकली म्हणून तळ न्याय्य ठरत नाही. तळ कुठे असावा हे मात्र त्या मुलांना कुणी विचारलेलं नसतं, आणि शिक्षकाची बांधिलकी त्यांच्याशी आहे. शीतयुद्ध संपल्यावर सैन्य घटलं तशा शाळाही मिटल्या. फ्रँकफर्टचं अमेरिकन हायस्कूल १९९५ मध्ये बंद झालं. तिथे शिकवून गेलेल्या शिक्षकांचं काम आता जर्मनीत शोधून सापडायचं नाही. ते त्या विद्यार्थ्यांबरोबर पुढच्या बदलीच्या गावी केव्हाच गेलं.