मराठी शाळेचा पट कोण ठरवतो?

मे महिना संपत आला की कोगनोळीच्या नाक्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी वर्षे सुरू असतात. कागलकडची मुले अजून सुट्टीत, आंब्याच्या झाडाखाली. निपाणीकडची मुले दप्तर पाठीला लावून शाळेच्या वाटेवर. कर्नाटकाचे शैक्षणिक वर्ष मेअखेरीस उघडते, महाराष्ट्राचे जूनच्या मध्यावर. लांब सुट्टी कर्नाटकात दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. दोन्हीकडची मुले एकाच बोलीत भांडतात, त्यांचे आजोळ एकमेकांच्या गावात असते, पण मामाच्या घरी सगळी भावंडे एकदम जमायची तर तारखा जुळत नाहीत. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. तरीही निपाणीच्या शाळेची घंटा कधी वाजायची हे कोल्हापुरात ठरत नाही, आणि खरे पाहता निपाणीतही ठरत नाही.

घंटेचे एक वेळ सोडून देऊ. जे सोडून देता येत नाही ते पटाचे. शाळा उघडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुख्याध्यापक पट नोंदवतात. तो आकडा सीआरपीकडे, म्हणजे शाळांच्या समूहावर देखरेख ठेवणाऱ्या साधनव्यक्तीकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढे जिल्ह्याला जातो. बेळगाव महसुली दृष्टीने एकच जिल्हा असला तरी शिक्षण खात्याने त्याचे दोन शैक्षणिक जिल्हे केले आहेत, बेळगाव आणि चिकोडी. खानापूरच्या जंगलातली कणकुंबी–जांबोटीकडची शाळा पहिल्यात, निपाणीची दुसऱ्यात. दोन्हीकडे आकड्याचे काम एकच: त्यावरून शिक्षकांच्या जागा ठरतात. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांना ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे. पट घसरला की जागा जाते, जागा गेली की वर्ग जोडले जातात, आणि मग कोणीतरी वर्तमानपत्रात लिहितो की सीमाभागातल्या मराठी माणसालाच मराठी शाळा नको झाली आहे.

मला या शेवटच्या वाक्याशी भांडायचे आहे. ते सर्वस्वी खोटे नाही. त्याकडे मी येईनच. पण ते उलट्या क्रमाने सांगितले जाते. शिक्षक निवृत्त होतात, जागा रिकामी राहते. तिथे मानधनावर अतिथी शिक्षक येतात, तेही वर्ष सुरू झाल्यावर आणि त्या वर्षापुरतेच. तोवर दोन वर्ग एकाच खोलीत, एकाच फळ्याच्या दोन बाजूंना बसतात. आई हे दोन महिने पाहते. गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते. पुढच्या वर्षी तिचा धाकटा त्या गाडीत असतो. त्याचे नाव पटावरून कमी झालेले दिसते, ते का कमी झाले याचा रकाना नमुन्यात नसतो. रिकाम्या जागेने पट घटवला, आणि घटलेल्या पटाने रिकामी जागा योग्य ठरवली.

मराठी शाळेत हा फेरा अधिक आवळतो, आणि त्यामागे कोणाचा द्वेषच असला पाहिजे असे नाही. कन्नड माध्यमाच्या शाळेला शिक्षक हवा तर सारे राज्य पुरवठ्याला असते. बागलकोटचा माणूस खानापूरला येऊ शकतो. मराठी माध्यमाचा शिक्षक मात्र याच चार-पाच तालुक्यांतून मिळायचा. एक भरती रखडली की त्याची जागा भरायला दुसरीकडून कोणी येत नाही. त्यात खात्याचा सारा व्यवहार कन्नडमध्ये. परिपत्रक कन्नड, अनुदानाचा आदेश कन्नड. शाळा सुधारणा समिती, म्हणजे ज्या एसडीएमसीत पालकांनी बसून शाळेकडे लक्ष द्यायचे, तिच्यासमोर येणारा कागद पालकाला वाचताच येत नसेल तर तो सही करतो आणि चहा पिऊन घरी जातो. देखरेख ज्याने करायची त्याच्या हातात न वाचता येणारा कागद देणे म्हणजे देखरेख काढून घेणे होय.

हे असेच चालत आले आहे का? नाही. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेतला जाऊ लागला आणि १८६९ च्या कायद्याने त्याची घडी बसली. हा लोकल फंड. त्यातला एक तृतीयांश शाळांचा, बाकीचा रस्त्यांसारख्या कामांचा. म्हणजे चिकोडी तालुक्यातल्या शेतकऱ्याने भरलेल्या पैशातला एक ठरलेला वाटा त्याच्याच मुलखातल्या शाळेसाठी बाजूला निघत होता. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे दिला. आमच्याकडचे म्हातारे आजही सरकारी शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणतात ते यामुळे. १९४७ च्या कायद्यातही जिल्हा स्कूल बोर्ड होते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे साऱ्या राज्याला एकसारखा कायदा आला आणि बोर्ड फक्त बोलण्यात उरले.

त्या जुन्या काळाकडे मी हळहळत पाहत नाही. बोर्ड ज्यांच्या हातात होते त्यांच्या गावात अस्पृश्यांची मुले वर्गाबाहेर बसत होती. एप्रिल १९२५ मध्ये याच निपाणीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा समोर बसलेल्या माणसांना स्थानिक सत्ता म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. आणखी एक गोष्ट आपण मराठी लोक सांगायला विसरतो. एकोणिसाव्या शतकात या मुंबई कर्नाटकात शाळेची आणि कचेरीची भाषा पुष्कळ ठिकाणी मराठी होती, आणि घरी कन्नड बोलणारी मुले मराठीतून धुळाक्षरे गिरवत होती. डेप्युटी चन्नबसप्पा नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याने १८६० च्या सुमारास कन्नड मुलांसाठी कन्नड शाळा उभ्या करण्याचा ध्यास घेतला म्हणून ते चित्र बदलले. १९१६ साली बेळगावात केएलई संस्था निघाली, तीही याच उणिवेच्या जाणिवेतून. चन्नबसप्पांचे म्हणणे साधे होते: मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत त्याला पहिले पुस्तक मिळावे. आज निपाणीचा मराठी पालक तेच म्हणतो. वाक्य तेच, फक्त बोलणारा बदलला आहे, आणि ते ऐकून घेण्याची जबाबदारी आता ज्यांच्यावर आहे त्यांनी चन्नबसप्पांचे नाव अभिमानाने घ्यावे आणि त्यांचे म्हणणेही घ्यावे.

घटनेत याची सोय आहे. राज्य पुनर्रचनेसोबतच, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने, कलम ३५०-अ आले: भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. त्याआधी ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी मोजमाप ठरवले होते. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले त्या भाषेची असली की एक शिक्षक द्यायचा. नियम चांगला होता, पण त्यात एक फट राहिली. ४० मुले मोजायची कोणी, आणि शिक्षकच नसल्यामुळे जी आलीच नाहीत त्यांना कुठे धरायचे? ३५०-ब प्रमाणे नेमलेला भाषिक अल्पसंख्याक आयुक्त राष्ट्रपतींना अहवाल देतो. अहवालाने शिक्षक येत नाही.

कॅनडात हीच फट न्यायालयापुढे आली. तिथल्या १९८२ च्या हक्कसनदेत इंग्रजी किंवा फ्रेंच अल्पसंख्याकांना आपल्या भाषेच्या शाळेचा हक्क आहे, पण संख्या पुरेशी असेल तिथेच. एडमंटनमधले फ्रेंच भाषिक पालक अल्बर्टा प्रांताविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९० मध्ये निकाल मिळाला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. आज किती मुले येतात एवढेच पाहायचे नाही, सोय झाली तर किती येतील हेही पाहायचे. आणि संख्या पुरेशी असेल तिथे शाळेच्या कारभारात त्या पालकांचा अधिकारही हवा, कारण बहुसंख्याकांच्या मंडळाला अल्पसंख्याकांच्या शाळेची गरज वाईट हेतू नसतानाही दिसत नाही. निपाणी–खानापूरचे दुखणे इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

पैशाचा प्रश्न मग येतोच. अमेरिकेत शाळांचे स्वतंत्र जिल्हे असतात, त्यांचे मंडळ बहुधा लोक निवडतात, आणि खर्चाचा मोठा वाटा त्या भागाच्या घरपट्टीतून येतो. ऐकायला हे आपल्या लोकल फंडासारखे वाटते. पण टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एजवूड नावाच्या वस्तीत, जिथे बहुतेक कुटुंबे गरीब मेक्सिकन वंशाची होती, घरांची किंमतच कमी म्हणून कर जास्त दराने भरूनही शाळेला पैसा कमी मिळे. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही विषमता घटनाबाह्य नाही असे ठरवले. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईच्या घरपट्टीवर तिच्या मुलीची शाळा चालवायची म्हटले तर तेच होईल. पगार राज्याच्या तिजोरीतूनच यायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र कर्नाटकातच घरपट्टीवर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर घेतला जातो आणि त्याचा वेगळा हिशेब राहतो. ग्रंथालयाचा हिशेब वेगळा ठेवता येतो, मग एखाद्या तालुक्यातल्या मराठी शाळांवर किती खर्च झाला, किती जागा मंजूर, किती भरल्या, हे दरवर्षी एका पानावर, मराठीत, का छापता येऊ नये?

तो जाब विचारायचा कोणाला, हाही आज पेचच आहे. १९८७ मध्ये अब्दुल नझीरसाब यांच्या प्रयत्नांनी कर्नाटकात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, प्राथमिक शाळा त्यांच्या कक्षेत आल्या, आणि साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले. आता तिथल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींवर २०१६ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत २०२१ मध्ये संपली, आणि पुढची निवडणूक वर्षानुवर्षे लांबत गेली. शाळेचा पैसा ज्या पंचायतीच्या खात्यातून जातो तिथे लोकांनी निवडलेला माणूस नाही, प्रशासक आहे. याची झळ कन्नड शाळेलाही लागते. मराठी शाळेला जास्त, कारण तिच्या बाजूने बोलणारे तेवढेच एक दार होते.

आता आपल्याकडे वळू. मराठीसाठी मोर्चात चालणाऱ्या घरांतली मुले इंग्रजी शाळेत जातात, हे खरे आहे आणि ते बोलले पाहिजे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच, ही कर्नाटक सरकारची १९९४ ची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये रद्द केली. पालकाला निवड करण्याचा अधिकार आहे. २०१९ पासून तर एक हजार सरकारी शाळांतच इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघाले. तेव्हा मराठी शाळेची खरी स्पर्धा कन्नडशी उरलेली नाही. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबारात माणसे गेली, हिंडलग्यात त्यांचे स्मारक आहे, तिथे मान खाली जाते. पण आज मुलाला उत्तम कन्नड शिकवणारा शिक्षक मागणे म्हणजे त्या हुतात्म्यांशी प्रतारणा नव्हे. ज्या राज्यात नोकरी शोधायची त्या राज्याची भाषा मराठी शाळेतच पक्की शिकवली गेली, तर शाळा बदलण्याचे एक मोठे कारण संपेल.

महाराष्ट्राने काय केले? सीमाभागातल्या आपला दावा असलेल्या ८६५ गावांतल्या मुलांना अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशात वाट करून दिली, हे मोठेच काम आहे. निपाणीच्या वेशीला लागून, पण कागल तालुक्यात, अर्जुननगरला १९६१ साली देवचंद महाविद्यालय उभे राहिले आणि निपाणीच्या किती पिढ्या चालत परराज्यात जाऊन पदवीधर झाल्या. पण ही सारी मदत बारावीनंतरची. पहिलीच्या वर्गात शिक्षक नसेल तर बारावीनंतरचे दार कोणासाठी उघडे ठेवायचे? आणि त्याच महाराष्ट्राने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा घाट घातला. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड शाळांचा पालकही शिक्षकासाठीच झुरतो. तिथे आपण जे देऊ तेच इथे मागताना आपल्या आवाजात जोर येईल. म्हणून मला वाटते, दोन्ही राज्यांनी हा एक विषय सीमेच्या वादातून बाहेर काढून करार करावा: जतच्या कन्नड शाळेत कन्नड शिक्षक, खानापूरच्या मराठी शाळेत मराठी शिक्षक, दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत मराठी वाचू शकणारा पर्यवेक्षक, समितीपुढचा प्रत्येक कागद पालकाच्या भाषेतही, आणि भरती पूर्ण झाल्याशिवाय पटाच्या आधारे कोणतीही जागा रद्द नाही. यासाठी एक इंच जमीन इकडची तिकडे करावी लागत नाही.

सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झाला. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलगी २०१४ मध्ये दहावी झाली, शिकली, लग्न होऊन याच भागात राहिली. आता तिचे मूल सहाचे होत आले आहे. मेअखेरीस ती आपल्याच जुन्या शाळेच्या पायरीवर उभी राहते, आत डोकावते आणि मुख्याध्यापकांना विचारते, "सर, पहिलीला यंदा बाई कोण येणार?" सर म्हणतात, "अजून ऑर्डर आलेली नाही, जूनभर थांबा." गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजतो.