तीन डिकीवाल्या गाड्या

हिंजवडीत भाताच्या खाचरांवर आयटीची ऑफिसं उभी राहायला लागली, तेव्हा गावातल्या पुष्कळ घरांनी पहिल्यांदाच एकरकमी पैसा पाहिला. जमीन एमआयडीसीकडे गेली आणि मोबदला बँकेत जमा झाला. कुणी बंगला बांधला, कुणी सोनं घेतलं, कुणी लेकीचं लग्न थाटात लावलं. एका भावकीतल्या तीन चुलतभावांनी २००४ च्या दसऱ्याला तीन गाड्या घेतल्या. शोरूम एक, मॉडेल एक, रंगही एकच. झेंडूची तोरणं बांधून, चाकांखाली लिंबं ठेवून तिन्ही एका रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा आपली कोणती हे नंबर पाहूनच ओळखावं लागत होतं.

त्या काळात डिकीवाली गाडी दारात असणं ही मोठी गोष्ट होती. एस्टीम, अ‍ॅक्सेंट, होंडा सिटी, आणि जवळच पिंपरी-चिंचवडमध्ये तयार होणारी टाटांची इंडिगो, ही नावं लोक आदराने घेत. या तिघांनी यातली कोणती घेतली ते मी सांगत नाही. गोष्ट त्या नावाची नाही.

धाकट्या नानांचा गाडीवर फार जीव. ऊन लागू नये म्हणून पत्र्याची शेड बांधली, वर जाड कव्हर. गाडी बाहेर निघायची ती दसऱ्याला, भावकीतल्या लग्नाला आणि चैत्री पौर्णिमेला म्हातोबाच्या बगाडाच्या दिवशी. एरवी नाना मोटरसायकलवर फिरायचे आणि गाडी जपल्याचं समाधान मानायचे. आठ-नऊ वर्षांनी कव्हर काढलं तर उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं, ब्रेक जाम झालेले, टाकीत जुनं पेट्रोल आणि गंज. टायरची नक्षी नव्यासारखी, पण रबर कडक होऊन त्याला चिरा गेलेल्या. एवढं सगळं दुरुस्त करायला जो आकडा निघाला तो ऐकून नानांनी गाडी भंगारात दिली. ‘वापरलीसुद्धा नाही, तरी बिघडली. मॉडेलच तसलं,’ असं ते पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले.

तात्यांचं उलट. त्यांनी जमिनीच्या दलालीत जम बसवला होता. गाडीला ड्रायव्हर ठेवला आणि गाडी दिवसभर पळवली. फुकटच्या सर्व्हिसिंग होत्या तोवर त्या झाल्या, नंतर ‘चालतेय ना, मग कशाला?’ एका उन्हाळ्यात दुपारी वाकडच्या पुलाच्या अलीकडे गर्दीत ड्रायव्हर म्हणाला, “तात्या, काटा चढलाय.” तात्यांना बाणेरला व्यवहाराची बैठक होती. म्हणाले, “चल रे, पोचलो की बघू.” पोचले तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. घाबरलेल्या ड्रायव्हरने तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतलं. आतलं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. आधीच उष्णतेने वाकायला आलेलं, त्यावर हा मारा. पुढे हेड फेसिंग झालं, गॅस्केट बदललं, तरी दर दोन महिन्यांनी पाणी कमी व्हायचं आणि ऑइल दुधाळ यायचं. शेवटी येईल त्या किमतीला तात्यांनी ती काढून टाकली. चौकात कुणी विचारलं की म्हणायचे, “तसली गाडी शत्रूलाही घ्यायला सांगू नका.”

तिसरी गाडी थोरल्या आप्पांची. ती अजून चालते.

आप्पांना इंजिनातलं फारसं कळत नाही, हे ते स्वतः सांगतात. त्यांनी आयुष्यभर बैल सांभाळले. बैल लंगडायच्या आधी चार दिवस पाय टाकताना कचरतो, तेव्हाच खूर बघायचा असतो, एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि तेच त्यांनी गाडीला लावलं. सकाळी गाडी काढण्याआधी ते रात्री ती जिथे उभी होती ती फरशी बघत. थेंब पडलाय का? पडला असेल तर हिरवा की काळा? हिरवा म्हणजे कूलंट, काळा म्हणजे ऑइल. मग बॉनेट उघडून कूलंटच्या बाटलीवरची खूण, ऑइलची पट्टी, ब्रेक ऑइल. गाडी चालू केल्यावर क्षणभर आवाज ऐकत उभे राहत. टायमिंग बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलायला घेऊन गेले तेव्हा गॅरेजमधला पोरगा म्हणाला, “आप्पा, पट्टा चांगला आहे, अजून जाईल.” आप्पा म्हणाले, “चांगला आहे तवरच काढ.” जे काही केलं ते लाल पुठ्ठ्याच्या वहीत तारखेसह लिहिलं: काय बदललं, किती पैसे, कुणी काम केलं. गाडी दर आठवड्याला सलग तास-दीड तास चालवायची, हाही त्यांचा नेम होता. कामं नसली तर पौडपर्यंत जाऊन येत.

हे वेड एकट्या आप्पांचंच नव्हे. न्यूयॉर्कजवळच्या अर्व्ह गॉर्डन नावाच्या शाळामास्तरांनी १९६६ साली एक व्होल्वो गाडी विकत घेतली आणि २०१३ साली तिचे तीस लाख मैल पूर्ण केले. त्यांच्या विक्रमामागे कसलंही गुपित नव्हतं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जे जेव्हा करा म्हटलं होतं, ते ते तेव्हा करत गेले. मला स्वतःला हे आप्पांच्या वहीइतकंच मोठं वाटतं, कारण रोज करण्याची साधी गोष्ट वर्षानुवर्षं करणं हे अजिबात साधं नसतं.

मग आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी सुनेकडे आली. ती हिंजवडी फेज दोनमधल्या कंपनीत सर्व्हरवर लक्ष ठेवण्याचं काम करते. मशीन बंद पडायच्या आधी कोणता आकडा हळूहळू सरकतोय, हे बघण्याचाच तिला पगार. घरातल्या मुलांना ती वही म्हणजे म्हातारपणाचा छंद वाटायची. सुनेने ती एका रविवारी पहिल्या पानापासून वाचली आणि म्हणाली, “आप्पा, आमच्याकडे याला लॉग म्हणतात. आमचा इतका नीट नसतो.”

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी ऑफिस सुटलं की शिवाजी चौकाच्या दिशेने गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तिच्या लक्षात आलं की गाडी चार पावलं पुढे गेली की एसी गार हवा देतो आणि थांबली की कोमट. दुसरं कुणी असतं तर ‘गॅस कमी झाला असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. तिने काट्याकडे पाहिलं. तो नेहमी अर्ध्याच्या जरा खाली असायचा, आता अर्ध्याच्या केसभर वर होता. गाडी उभी असताना रेडिएटरला वाऱ्याचा झोत मिळत नाही, सगळी मदार पंख्यावर असते. म्हणजे पंखा फिरत नसावा.

तिने एसी बंद केला आणि हीटर फुल सोडला. हीटर इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो, त्यामुळे इंजिनाला तेवढाच आराम. मे महिना, चारही काचा खाली, आत भट्टी पेटलेली. शेजारच्या गाडीतली माणसं तिच्याकडे बघत होती. पदराने घाम पुसत तिने गाडी कडेच्या पेट्रोल पंपावर घेतली आणि इंजिन बंद केलं. घरून फोनवर फोन. नवरा म्हणाला, “अगं, दहा मिनिटांवर घर आहे, आणून टाक ना.” ती म्हणाली, “नाही. गार होऊ दे.” रेडिएटरच्या झाकणालाही तिने हात लावला नाही. तापलेलं असताना ते उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं, हे वहीत आप्पांनी ठळक लिहून ठेवलेलं होतं.

गॅरेजवाले आले. पंख्याच्या मोटरचं कनेक्टर जळून सैल झालं होतं. वायरचा तुकडा आणि नवीन कनेक्टर, चहापाण्यात भागेल एवढा खर्च. काम संपवून हात पुसताना त्यांनी काट्याचं विचारलं आणि म्हणाले, “ताई, तुम्ही थांबलात म्हणून. तशीच रेटली असती तर हेड वाकलं असतं. तात्यांच्या गाडीला हेच झालं होतं. तिचंही काम मीच केलं होतं.”

ही गोष्ट भावकीत पसरायला वेळ लागला नाही. तात्यांना ती आवडली नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी चौकात मॉडेलला शिव्या घालणं बंद केलं.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी. २०१९ मध्ये पहिलं नूतनीकरण झालं तेव्हा फी ६०० रुपये होती. २०२४ मध्ये ती ५,००० झालेली. वर पर्यावरण कर. पोरं म्हणाली, आता पुरे. सुनेने फी भरली आणि गाडी स्वतः घेऊन गेली. निरीक्षकाने चासी नंबर पडताळला, दिवे, हॉर्न, ब्रेक बघितले, पीयूसी पाहिली आणि गाडी पास केली. आप्पा बरोबर होते. त्यांनी तिथेच बाकावर बसून तारीख वहीत टिपली आणि वही सुनेच्या हातात दिली. “आता तू लिहायचं,” म्हणाले.

दिवाळीच्या सुमारास तात्या आप्पांच्या घरी आले. बाहेर त्यांच्या मुलाची वर्षाचीही न झालेली मोठी गाडी उभी होती. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग कप खाली ठेवून तात्या सुनेकडे वळले. “सूनबाई, पोराच्या गाडीत परवापासून एक लाल दिवा लागतोय. तो म्हणतो सेन्सरचं काहीतरी असेल, गाडी पळतेय ना नीट. तू जरा बघतेस का?”

“दिवा कसला आहे, तात्या? तेलाच्या झारीसारखा, टोकाला थेंब असलेला?”

“हां, तसलाच.”

ती उठली. “मग आता ती चालू करू देऊ नका कुणाला. किल्ली माझ्याकडे द्या. आधी ऑइलची पट्टी बघू.”

तात्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मुलाला हाक मारली, “अरे, इकडं ये. वहिनी काय करते ते बघ, आणि घरी गेल्यावर एक वही काढ.”