वीस नळ्यांचा हिशेब

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत भरलेल्या वैदिक संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला मोडीत काढलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, आपल्या पूर्वजांनीही तसं कुठे सांगितलेलं किंवा लिहिलेलं नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. शास्त्रज्ञांनी निषेध केला, बाकीच्यांनी थट्टा केली, विषय मिटला. मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेल्या माणसाने प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा एवढा आग्रह धरावा याची गंमत वाटते. परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा होतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण ‘कुणी पाहिलं?’ हा प्रश्न थट्टेवारी नेऊन आपणही एक चांगली संधी घालवली.

कारण उत्क्रांतीचे शाळेत शिकवले जाणारे पुरावे, म्हणजे जीवाश्म, अवशेषांगे, जोडणारे दुवे, सगळे भूतकाळातले असतात. ‘पाहिलं का’ असं कुणी विचारलं की आपण घाईने जिवाणूंकडे बोट दाखवतो: प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू तयार होताना दिसतातच की! दिसतात, हे खरं. पण जिवाणू बदलताना दिसले म्हणजे डार्विन सिद्ध झाला, असं होत नाही. जिवाणूशास्त्रज्ञ ते दृश्य कितीतरी वर्षं पाहत होते आणि त्यांतले बरेच जण नेमका उलटा निष्कर्ष काढत होते.

ते दृश्य असं. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू पोषक द्रवात वाढवला की वीस-वीस मिनिटांत दुप्पट होत जातो आणि द्रव गढूळ होतो. त्यात जिवाणूंना मारणारा विषाणू, म्हणजे जिवाणूभक्षी, टाकला की काही तासांत द्रव नितळ. सगळे मेले असं वाटतं. नळी तशीच ठेवली तर पुढे ती पुन्हा गढूळ होते, आणि या नव्या पिढ्यांना तो विषाणू काही करू शकत नाही. पाहणाऱ्याच्या मनात सरळ येतं ते हे की हल्ला झाला, काही जिवाणूंनी त्याला तोंड दिलं, ते बदलले आणि तो बदल त्यांनी मुलाबाळांना दिला. दुसरी शक्यता अशी की विषाणू येण्याआधीच काही मोजके जिवाणू वेगळे होते. विषाणूने फक्त बाकीच्यांना संपवलं. नळीकडे कितीही वेळ डोळे लावून बसलं तरी या दोहोंतलं खरं कोणतं ते कळणार नाही. शेवटचं दृश्य दोन्हीकडे एकच आहे. १९४० च्या सुमारास जिवाणूंना आपल्यासारखी जनुकं असतात का, याचीच खात्री नव्हती. जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सलीने १९४२ साली उत्क्रांतीवर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात जिवाणूंना जवळजवळ बाजूलाच ठेवलं होतं.

हा गुंता सोडवला तो युरोपातून अमेरिकेत आलेल्या दोघांनी. साल्वादोर लुरिया हा मुसोलिनीच्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे देश सोडलेला इटालियन डॉक्टर, आणि माक्स डेलब्रुक हा भौतिकशास्त्र सोडून जीवशास्त्रात शिरलेला जर्मन. १९४३ च्या सुरुवातीला ब्लूमिंग्टनच्या विद्यापीठातल्या एका नृत्यसमारंभात लुरिया एका सहकाऱ्याला जुगाराच्या यंत्रात नाणी घालताना पाहत होता. बहुतेक वेळा हाती काहीच नाही, आणि मग एकदम नाण्यांची रास. लुरियाला प्रयोग सुचला तो इथे.

प्रयोग मांडणीला अगदी साधा. एका मोठ्या भांड्याऐवजी अनेक छोट्या नळ्या घ्यायच्या, प्रत्येकीत मोजके जिवाणू सोडायचे आणि त्यांची संख्या कोट्यवधी होईपर्यंत वाढू द्यायचं. इथवर विषाणूचा संबंध नाही. मग प्रत्येक नळीतला द्रव विषाणू पसरलेल्या वेगळ्या बशीवर ओतायचा आणि दुसऱ्या दिवशी किती वसाहती उगवल्या ते मोजायचं. प्रतिकार जर विषाणूची गाठ पडल्यावर निर्माण होत असेल, तर सगळ्या नळ्यांना संधी सारखीच. आकडे एकमेकांच्या आसपास यायला हवेत. बदल जर आधीच, वाढीच्या काळात, कधीही आणि कुठेही होत असेल, तर एखाद्या नळीत तो फार लवकर होईल आणि त्या एकाच जिवाणूचा गोतावळा बशीभर दिसेल. जिथे उशिरा झाला तिथे एखाद-दुसरी वसाहत, जिथे झालाच नाही तिथे शून्य.

लुरिया आणि डेलब्रुक यांच्या निबंधातल्या एका प्रयोगात वीस नळ्या होत्या. त्यांतल्या अकरा नळ्यांच्या बशांवर एकही वसाहत नाही. दोन बशांवर एकेक, मग ३, ५, ५, ६. आणि उरलेल्या तिघींवर ३५, ६४ आणि १०७. सरासरी काढली तर अकराच्या वर जाते, पण या यादीत त्या सरासरीच्या जवळपासही कुणी नाही. ताळा म्हणून त्यांनी एकाच भांड्यातून दहा नमुने घेऊन तेही बशांवर ओतले होते. तिथे सगळे आकडे १३ ते २६ च्या दरम्यान आले. म्हणजे मोजण्याच्या पद्धतीत खोट नव्हती. ती १०७ ची नळी सांगत होती की विषाणूशी गाठ पडण्याच्या कितीतरी पिढ्या आधी तिथे एक वेगळा जिवाणू जन्मला होता, ज्याला आपलं वेगळेपण पुढे कशाला उपयोगी पडणार याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

मला या प्रयोगाचं अप्रूप वाटतं ते यासाठी की बदल होण्याचा क्षण यात कुणीही पाहिलेला नाही. तो पाहिल्याशिवाय, केवळ आकड्यांच्या विखुरलेपणावरून, तो केव्हा घडला हे दोघांनी सांगितलं. साक्षीदार नव्हता, पण खटला उभा राहिला आणि टिकला. पुढे १९५२ साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी एका बशीवरच्या वसाहतींचा ठसा मखमलीच्या तुकड्याने दुसऱ्या बशीवर उमटवून तेच दाखवलं: ज्यांची विषाणूशी किंवा औषधाशी कधी भेटच झाली नव्हती, त्या वसाहतींतही प्रतिकार आधीपासून होता.

‘जंतूंना औषधाची सवय झाली’ असं आपण सर्रास म्हणतो, काही डॉक्टरही म्हणतात. बोलण्यापुरतं ठीक, पण उपचार या समजुतीवर आखले तर माणसं दगावतात. क्षयाचंच घ्या. १९४८ साली ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत रुग्ण आश्चर्य वाटावं इतके सुधारले, मग अनेकांच्या थुंकीत औषधाला न जुमानणारे जंतू दिसू लागले, आणि पाच वर्षांनी पाहिलं तर औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांतला फरक बराच पुसट झाला होता. जंतूला सवय लागत असती, तर औषधाचा डोस वाढवणं किंवा मध्ये खंड देणं हे उपाय सुचले असते. पण प्रश्न आधीच हजर असलेल्या मोजक्यांचा असेल, तर हिशेब निराळा होतो. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला न देणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या पोकळीत जंतू कोट्यवधी असतात, म्हणजे एकटं कोणतंही औषध हरण्याचीच शक्यता जास्त. दोन्ही औषधं एकदम चुकवणारा मात्र शंभर लाख कोटींत एक. तेवढे जंतू रुग्णाच्या अंगात नसतातच. क्षयाच्या गोळ्या तीन-चार मिळून का देतात, याचं उत्तर या गुणाकारात आहे. एड्सच्या विषाणूवरही एकेकटी औषधं हरली आणि १९९६ पासून तीन एकत्र दिल्यावर माणसं जगू लागली, तेही याच हिशेबाने.

हा गुणाकार मोडायला एकच गोष्ट पुरते: चालू औषधांचा परिणाम होईना म्हणून आणखी एकच औषध जोडणं. मग ते एकटं लढतं आणि एकटं हरतं. धारावीतल्या खासगी डॉक्टरांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा १०६ डॉक्टरांनी क्षयावर ६३ तऱ्हेच्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या आणि बरोबर चिठ्ठी फक्त सहांची होती. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला जंतू दाद देत नव्हते अशा चार रुग्णांची माहिती छापली.  उत्क्रांतीचा पाठ दहावीत ठेवायचा की नाही, हा वाद मला म्हणूनच केवळ श्रद्धेचा वाटत नाही. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीतून तो २०२३ मध्ये गेला. जी मुलं पुढे विज्ञान शाखा घेणार नाहीत, त्यांनाही कधीतरी अशा गोळ्या घ्याव्या लागू शकतात.

आता १९४३ चा निकाल सगळीकडे लागू होतो, असंही नाही. प्रतिकार दर वेळी त्याच नळीत जन्मतो असं नसतं. जिवाणू एकमेकांना तयार जनुकं देतात, अगदी परक्या जातीलाही. जपानमध्ये १९५० च्या दशकात आमांशाचे जंतू एकाच वेळी अनेक औषधं निकामी करू लागले ते या देवघेवीतून. आणि २००७ साली दही-चीजच्या विरजणातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसमध्ये जे दिसलं ते तर लुरियाच्या विरोधातच जाणारं वाटेल: विषाणूच्या हल्ल्यातून वाचलेल्या जिवाणूने त्याच विषाणूच्या डीएनएचा तुकडा आपल्या जनुकसंचात जपून ठेवला होता, आणि तो पुढच्या पिढ्यांना मिळाला. क्रिस्पर म्हणतात ते हेच. इथे बदल खरोखरच भेटीनंतर होतो आणि नेमका उपयोगाचा होतो. डार्विनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे उदाहरण दडवू नये. फक्त पुढचंही सांगावं: असा तुकडा साठवणं क्वचितच जमतं, बाकीचे मरतात, आणि तो साठवणारी यंत्रणाही कधीकाळी निवडीतूनच आली असणार. शिवाय विषाणूही बदलत असतो. जपलेल्या तुकड्याशी जुळणाऱ्या जागी डीएनएचं एक अक्षर चुकून बदललेला विषाणू त्या जिवाणूला पुन्हा मारू शकतो. चीजच्या कारखान्यांत म्हणूनच एकाच वाणाच्या विरजणावर भिस्त ठेवत नाहीत; वाण आलटूनपालटून वापरतात.